चौथ्या भागाची जागा

माझ्या भावाचं आणि माझं आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर एकमत झालं नाही, ती म्हणजे एका इंग्रजी खूनपटमालिकेचा चौथा भाग. वडिलांच्या जागेची वाटणी झाली, आईच्या आजारपणातल्या पाळ्या ठरल्या, तिच्या बांगड्या कुणाकडे जाव्यात हेही चहा निवायच्या आत ठरलं. चौथ्या भागाचं मात्र ठरलं नाही.

मालिकेचं नाव मी देत नाही. ज्यांना ती माहीत आहे त्यांना एवढ्यावरून कळेल आणि बाकीच्यांना नाव सांगूनही नाकच मुरडायचं आहे. त्यात एक वेल्डर असतो. तोंडावर वेल्डिंगचा काळा मुखवटा, मुखवट्याला चौकोनी काच. बंद पडलेल्या कारखान्यातून तो बाहेर येतो, गावातल्या माणसांना एकेक करून मारतो, शेवटी एका मुलीच्या हातून मरतो आणि पुढच्या भागात काही झालंच नाही अशा थाटात परत येतो. असे अकरा भाग निघाले. पहिला आम्ही भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला तेव्हा मी शाळेत जात होते आणि दादा डिप्लोमा करत होता. अकरावा आला तेव्हा मी शाळेत गणित शिकवून निवृत्तीला टेकले होते आणि दादा भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता.

गणिताच्या बाईंना असले सिनेमे कसे आवडतात, असं मला पुष्कळांनी विचारलंय. मी सांगते की मी नववीच्या उत्तरपत्रिका तपासते, मला रक्तपाताची सवय आहे. खरं कारण एवढंच की दादाला ते आवडायचे आणि मी त्याच्या मागे मागे जायचे. आईने मला थांबवायचे प्रयत्न केले, दादालाही सांगून पाहिलं की हिला नेऊ नकोस. तो म्हणाला, "ती नसली तर भांडू कुणाशी?" आईला ते पटलं, कारण घरात आम्ही दोघं भांडत नसू तेव्हा आमच्यापैकी एकाला ताप असायचा.

आमच्यात तिसरा होता दादाचा कॉलेजातला मित्र. कॅम्पात त्यांचं आजोबांच्या वेळेपासूनचं चष्म्यांचं दुकान आहे. त्याला आमच्या घरी सगळे चष्मेवालाच म्हणतात, त्याच्या तोंडावरसुद्धा. तेव्हा असले सिनेमे आपल्याकडे उशिरा का होईना, पण स्वारगेटकडच्या एका थिएटरात लागायचे. मॅटिनी सुटली की आम्ही तिघं डेपोजवळच्या टपरीवर चहा घेत उभे राहायचो आणि तिथे क्रमवारी लागायची. म्हणजे आतापर्यंत आलेल्या सगळ्या भागांमध्ये सर्वांत चांगला कोणता, त्याच्या खालोखाल कोणता, असं करत शेवटच्यापर्यंत. नवा भाग आला की सगळं नव्याने मांडायचं.

जगात इतरही लोक असं करतात, हे आम्हाला इंटरनेट आल्यावर कळलं. पण ते मतं मोजतात. आमच्याकडे मतदान नव्हतं. दादाचं म्हणणं, मतदान म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याचं तोंड बंद करणं. म्हणून नियम असा की तिघांचं एकमत झालं पाहिजे, आणि ते होईपर्यंत कुणीही बसमध्ये चढायचं नाही. आपापल्या बस समोरून जायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचो. आणखी एक नियम होता. कुणी आधीचं मत बदललं तर त्याने कारण द्यायचं. कारण पटण्यासारखं नसेल तर मत बदललेलं धरत नसू. हाही दादाचाच नियम, कारण कंटाळून मान डोलावणारी माणसं त्याला खपायची नाहीत. एकदा चष्मेवाला चिडून चालत कॅम्पात निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन करून राहिलेलं भांडला.

पुढे दादाने कर्वेनगरला फ्लॅट घेतला, लग्न केलं आणि क्रमवारी टपरीवरून त्याच्या हॉलमध्ये आली. मी येरवड्याला राहायला गेले होते. पत्ता सांगितला की दादा दर वेळी "आत की बाहेर?" विचारायचा, कारण तुरुंग आमच्या घरापासून फार लांब नाही. त्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने एकेक आकडा लिहिला आणि त्या टीपॉयवर एकाखाली एक मांडल्या. वहिनीने ते पाहिलं आणि आत गेली. तिला त्या सिनेमांचा तिटकारा होता. ती साबुदाण्याची खिचडी घेऊन बाहेर यायची, "झाले का खून?" विचारायची आणि ताटल्या ठेवून परत जायची. तिला बस म्हणावं, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. तिलाही बसायचं नसणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आता चौथ्या भागाबद्दल. तो मालिकेतला सपशेल पडलेला भाग. त्यात वेल्डर जवळजवळ नाहीच. सुरुवातीला एक शाळकरी मुलगा मारला जातो आणि मग पाऊण सिनेमाभर त्या मुलाचं घर दिसतं. बाप गॅरेजमधून गाडी काढतो आणि कुठेही न जाता परत आत लावतो. आई त्याचे बूट पुसायला घेते, एक पुसून थांबते. शेजारी येतात, काय बोलावं ते न कळून उठून जातात. अगदी शेवटी वेल्डर येतो, तोही कुणीतरी बळंच पाठवल्यासारखा. थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. टपरीवर आल्यावर दादाने चहा हातात घ्यायच्या आधी सांगितलं, "चौथा पहिला."

त्याचा मुद्दा साधा होता. बाकीच्या भागांमध्ये इतकी माणसं मरतात, दुसऱ्या दिवशी कुणी रडताना दिसतं का? इथे दिसतं. चष्मेवाला म्हणायचा, "अरे यार, रडायचंच असेल तर मी घरी बसून रडेन, तिकीट कशाला काढू?" मी म्हणायचे, प्रश्न एक विचारलाय आणि उत्तर भलतंच लिहिलंय, मार्क शून्य. आम्ही त्याला शेवटी टाकायचो, दादा ऐकायचा नाही. तो त्याला पहिला लावायचा, आम्ही ऐकायचो नाही. शेवटी त्याच्यापुरता एकमताचा नियम बाजूला राहायचा आणि कुणालाच न पटणाऱ्या मधल्या एका जागेवर तो पडून राहायचा. पुढचा भाग आला की दादा पुन्हा तोंड उघडायचा ते "चौथा पहिला" म्हणत, आणि चष्मेवाला खुर्ची पुढे ओढून घ्यायचा.

आठव्या भागाच्या वेळी आमच्यात चौथी आली. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्यांवर आम्ही वाद घालत होतो, मागून एक मुलगी म्हणाली, "एक्सक्यूज मी, सातवा कुणी शेवटी टाकलाय? आर यू ओके?" हिंजवडीला आयटीत होती, नुकतीच नोकरीला लागलेली. दादाने तिला तिथल्या तिथे कर्वेनगरचा पत्ता दिला. ती दादाला काका म्हणते, मला मात्र मॅम म्हणते, आणि चष्मेवाल्याकडून चष्मा फुकट करून घेते. तिच्या पोटात काही राहत नाही, हा तिचा दोष आणि तोच तिचा गुण.

गेल्या वर्षी दादाचं वजन उतरायला लागलं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. त्याला सोनोग्राफीसाठी आत नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बसवून घेतलं आणि सांगितलं की आता फार करण्यासारखं राहिलेलं नाही. थोडे महिने, कदाचित त्याहून कमी. मग म्हणाले, "पेशंटला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." वहिनी लगेच म्हणाली, "नाही सांगायचं." मीही तेच म्हणाले. आईच्या वेळी आम्ही तसंच केलं होतं, वडिलांच्या वेळीही. आमच्याकडे आजारी माणसाला त्याचा आजार सोडून बाकी सगळं सांगतात.

आम्ही त्याला सांगितलं की यकृताला सूज आहे, औषधं जरा लांबतील. त्याने मान डोलावली. दूधवाल्याकडून सुट्टीच्या दिवसांचा खुलासा मागणारा माणूस, पण त्याने डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण आपलं खोटं चाललंय या समाधानात माणूस फार काही बघत नाही.

वहिनी तर पार बदलली. त्या दोघांचा संसार भांडणावर चालायचा. आमटी पाणचट झालीय असं दादा म्हणाला की, "मग उद्यापासून डबा लावा," हे उत्तर ठरलेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जे काही बोलायचं ते एकमेकांनाच. आता ती त्याला काहीच उलट बोलेना. तो म्हणेल ते हो. पंखा वाढव, हो. पंखा कमी कर, हो. मी गेले की ती मला दारातच गाठायची, हसत बोलायची, आणि मी निघताना जिन्यापर्यंत येऊन माझा हात घट्ट धरायची. फ्लॅटमध्ये रडायला जागा नाही, असं ती एकदा म्हणाली. बाथरूममध्ये नळ सोडून रडावं तर तो बाहेरून विचारतो, पाणी का वाया घालवतेस.

मी चष्मेवाल्याला दुकानात जाऊन सांगितलं. तो कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. हिंजवडीच्या मुलीला आम्ही सांगितलं नाही. ती दादासमोर ढसाढसा रडली असती.

अकरावा भाग आला तेव्हा दादाला थिएटरात नेण्यासारखं नव्हतं. तो घरच्या टीव्हीवर येईपर्यंत थांबलो आणि एका रविवारी दुपारी चौघं त्याच्या हॉलमध्ये बसलो. दादा आरामखुर्चीत, अंगावर शाल, गुडघे शालीतूनही टोचतील असे. सिनेमा तो नीट पाहू शकत होता की नाही, मला माहीत नाही. मध्येच त्याचे डोळे मिटायचे. पण संपल्यावर त्याने पत्रिका मागून घेतल्या, नव्या पत्रिकेवर अकरा लिहिलं, त्यातला दुसरा एक जरा लांब गेला. मग त्याने त्या सगळ्या टीपॉयवर मांडल्या आणि चौथी उचलून वर ठेवली.

"चौथा पहिला," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने खुर्ची पुढे ओढली नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "बरं."

मीही म्हणाले, "बरं."

आम्ही दोघांनी आधी काही ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित कुणीतरी म्हणालं असतं, की असं करू नका. त्याच्या मनासारखं होऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. इतक्या वर्षांत त्याने आमच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

मुलगी आमच्याकडे बघत राहिली. "एक मिनिट. व्हॉट? काका, चौथा? सिरियसली? ज्यात तो वेल्डर सुट्टीवर असतो? मॅम, तुम्ही बरं म्हणालात? तुम्ही?" ती हसत होती, मजेत होती, तिला वाटलं आम्ही तिची फिरकी घेतोय. "मी नाही बरं म्हणणार. नो वे. माझ्या डेड बॉडीवरून."

मी म्हणाले, "राहू दे गं." आणि चष्मेवाल्याने टीपॉयखालून तिच्या हातावर हात ठेवला. तिचं हसू एकदम थांबलं.

दादाने ते पाहिलं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ चष्मेवाल्याकडे.

"कारण सांग," तो म्हणाला.

"कशाचं?"

"मत बदललंस ना? नियम आहे. कारण सांग."

चष्मेवाला अडखळला. "म्हणजे... मी परत विचार केला. ती आई बूट पुसते, तो सीन... आता वय झालं की वाटतं..."

"तू त्याला कचरा म्हणत आलास. टपरीवर म्हणालास, या घरात म्हणालास, माझ्या लग्नाच्या पंगतीत म्हणालास. आज त्यात तुला काय दिसलं?"

चष्मेवाला टीपॉयवरच्या पत्रिका सरळ करायला लागला. डोळ्यांच्या नंबरापासून देशाच्या राजकारणापर्यंत त्याला बोलता येत नाही असा विषय नाही. पण दादाशी खोटं बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती आणि ते त्याला जमलं नाही.

दादा म्हणाला, "किती दिवस म्हणालेत?"

 वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ताटल्या घेऊन उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं. दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"परवा मी म्हटलं आमटी पाणचट झालीय," तो म्हणाला. "तू म्हणालीस, उद्या नीट करते. मला तेव्हाच शंका आली. पण म्हटलं, ही दमली असेल. हे दोघं काय दमलेत?"

वहिनीने ताटल्या टीव्हीच्या बाजूला ठेवल्या आणि खाली जमिनीवरच बसली. आणि मग ती रडली. दोन महिने नळ सोडूनही जे रडता आलं नव्हतं, ते. तिचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू दारापर्यंत येऊन गेल्या. मुलगी मला विचारत होती, "मला का नाही सांगितलं, मॅम? मला का नाही सांगितलं?" आणि मी काय सांगणार, कळल्यावर माणूस कसा वागतो ते आत्ताच तिच्यासमोर घडलं होतं. आम्हा शहाण्यांमध्ये एकटी तीच त्याच्याशी नेहमीसारखी वागली होती.

दादा रडला नाही. तो वहिनीला म्हणाला, "एवढं सगळं एकटीने घेऊन बसलीस होय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने चौथी पत्रिका उचलून परत गठ्ठ्यात घातली आणि म्हणाला, "आजची क्रमवारी धरायची नाही."

मी त्या दिवशी येरवड्याला घरी आले आणि मला स्वतःची भयंकर चीड आली. मग दादाची आली. इतकं बारीक लक्ष कशाला ठेवायचं माणसाने? घ्यायचा होता पहिला नंबर मुकाट्याने. मग वाटलं, मुकाट्याने घेतला असता तर तो दादा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कर्वेनगरला गेले.  दुपारी बेल वाजली. चष्मेवाला दुकान बंद करून आला होता. चपला काढायच्या आधी, उंबऱ्यावरूनच तो ओरडला, "कचरा आहे तो! कालही होता, आजही आहे!" आणि तिथेच दाराच्या चौकटीला धरून रडायला लागला.

दादा म्हणाला, "ये. आत येऊन बोल. शेजाऱ्यांना सिनेमातलं कळत नाही."

ते दोघं भांडले. दादाला दम लागायचा, तो हात वर करून थांबायला सांगायचा, श्वास घ्यायचा, आणि मग अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुरं करायचा. मी मध्ये पडले तर मला म्हणाला, "तू शून्य मार्क देणारी. तुझं काय ऐकायचं?" मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. वहिनी तिथेच होती. ती ऐकत होती. तिला त्यातलं काही कळत नसणार, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर दादा थोडेच दिवस होता. पण त्या घरात पुन्हा आवाज यायला लागला. मी जिना चढताना ऐकायचे. शालीची घडी कशी घालायची यावरून, पाहुण्यांना किती वेळ बसू द्यायचं यावरून. एकदा तो म्हणत होता की माझे दिवस कुणी घालायचे नाहीत, आणि ती म्हणत होती, "तुम्ही नसणार तेव्हा, मी ठरवीन." मी दारापाशी थांबले. मला वाटलं आता आत काहीतरी तुटेल. तर दादा मोठ्याने हसला, खोकला लागेपर्यंत. दुसऱ्या एका दिवशी ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती आणि तो टीव्हीवर क्रिकेट बघत तिच्या डोक्यावर थोपटत होता. मी न बोलता परत खाली उतरले.

थंडी सुरू झाली आणि तो गेला. वैकुंठ स्मशानभूमीत चष्मेवाला माझ्या शेजारी उभा होता. गुरुजींनी विचारलं, मडकं कोण धरणार. मी धरलं. कुणीतरी मागे कुजबुजलं की बाईमाणूस कशी, चष्मेवाल्याने मागे वळून फक्त पाहिलं.

अकराव्या भागाची क्रमवारी तशीच राहून गेली. माझ्या मनातून तो विषयच गेला होता. उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. म्हणाली, "मॅम, ते पेंडिंग आहे. काकांना पेंडिंग चालायचं नाही." मी म्हटलं, कुठे करायचं? चष्मेवाल्याच्या दुकानात? तेवढ्यात वहिनीचाच फोन आला. मुलीने तिला आधी विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "इथेच या."

आम्ही गेलो. आरामखुर्ची तिथेच होती, तिच्यात कुणी बसलं नाही. वहिनीने खिचडी आणली, ताटल्या ठेवल्या, पण या वेळी आत गेली नाही. पदर खोचून दिवाणाच्या कडेला बसली. आम्ही पत्रिका मांडल्या. पहिल्या नंबरावर काय, असा प्रश्न आला. चष्मेवाला खाली बघत म्हणाला, "चौथा ठेवू या. त्याच्यासाठी."

मुलगी लगेच म्हणाली, "बरं." तिचे डोळे भरले होते. मला दिसत होतं की आम्ही तेच करतोय, पुन्हा तेच. तरी माझ्या तोंडून बरं निघणारच होतं.

"का?" वहिनी म्हणाली.

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

"मी पाहिला तो चौथा," ती म्हणाली. "हे गेल्यावर पाहिला. एकदा झोप लागली म्हणून परत पाहिला. रटाळ आहे हो. ती बाई बूट पुसते, पुसते, संपतच नाही तिचं. माणूस गेल्यावर असं काही बूट पुसत बसत नाही कुणी. मी यांच्या चपला दुसऱ्या दिवशी वॉचमनला दिल्या, मला त्या दारात बघवत नव्हत्या. आणि शेजारी म्हणे गप्प बसून निघून जातात. इथे कुणी गप्प बसलं होतं का? पोळ्या किती करायच्या ते विचारत होते मला."

चष्मेवाला तोंडावर हात घेऊन हसायला लागला, आणि त्याच्या बोटांमधून पाणी गळत होतं. मुलगी म्हणाली, "हे कुणी काकांना सांगितलंच नाही कधी."

"मला कुठे कुणी विचारलं?" वहिनी म्हणाली. तिने हात लांब करून चौथी पत्रिका उचलली, सगळ्यांत खाली ठेवली आणि तिच्यावर हात तसाच ठेवून बसली. "मी आपली खिचडी करत राहिले. मला वाटायचं, यांचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा. एकदा बस म्हणाले असते, तर मीही भांडले असते ना यांच्याशी."